कोपऱ्यातली लाल सही

१२ ऑगस्ट २००२, सोमवार

ही डायरी मेडिकलवाल्याने जानेवारीत फुकट दिली. सात महिने कोरी पडली होती, आता तिचं नशीब उघडलं. मुंबईच्या एका ग्रंथालयात, दुरुस्ती विभागात, बत्तीस वर्षं काढली. हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवली. मग स्वतःच्या धंद्याची का ठेवू नये?

धंदा सह्यांचा. चंदनसारला आमच्या बिल्डिंगखालच्या स्टेशनरीच्या दुकानात काल पाटी लावली: ‘नामवंतांच्या जुन्या, खराब झालेल्या सह्या दुरुस्त करून मिळतील. वसुंधरा कर्णिक, दुसरा मजला.’ दुकानदार म्हणाला, काकी, विरारमध्ये असल्या कामाला कोण येणार? मी म्हटलं, अरे बाबा, प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो जो तासभर ताटकळून कुणाची तरी सही घेतो आणि मग ती कपाटात कसरीला खायला घालतो. येतील. ओळखीतून दोन कामं तर पाटीच्या आधीच आली, एका गायिकेची सही आणि एका क्रिकेटवाल्याची. नावं लिहायची नाहीत हा ऑफिसातला नियम इथेही पाळणार.

हे म्हणाले, “वसू, सह्यांचा दवाखाना काढलास म्हण की.” मला हसू आलं. जेवताना पुन्हा तेच म्हणाले, झोपताना पुन्हा. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, एकच विनोद दर वर्गात नव्याने सांगायची सवय जाणार कशी.

यांचा पोस्टातला फॉर्म परत आलाय, सही जुळत नाही म्हणून. मोतीबिंदू पिकत आलाय, दुसरं काय. दिवाळीनंतर ऑपरेशन उरकून टाकू.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज एक बाई आली. पाचूबंदरची हिल्डा, मासळी विकते, पन्नाशीच्या आतबाहेरची. एका हातात सुक्या बोंबलांची पिशवी, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला कागद. पाटी बघून आली असेल असं मला वाटलं, पण ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, “सर हायत का घरात?”

मग उलगडा झाला, पाटीवरचं ‘कर्णिक’ वाचून ती सरांचं घर म्हणून आली होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी साक्षरतेची मोहीम होती तेव्हा हे वसईची शाळा सुटल्यावर संध्याकाळी पाचूबंदरला जायचे, कोळणींना लिहायला शिकवायला. कपड्यांना मासळीचा वास घेऊन रात्री नऊला घरी यायचे आणि मी नाक मुरडायची. त्या वर्गातली ही. नावात जोडाक्षर, त्या ‘ल्डा’ने पंधरा दिवस रडवलं म्हणाली, सरांनी बोटं धरून गिरवून घेतलं. वर्ग संपला त्या दिवशी सरांनी अंगठ्याचा शाईचा पॅड सगळ्या बायकांच्या देखत बंदरावरून पाण्यात फेकून दिला. हे मला माहीतच नव्हतं. घरी येऊन सांगायला काय झालं होतं?

यांनी तिला “या, बसा” केलं, सह्यांच्या दवाखान्याचा विनोद ऐकवला आणि पेपर वाचत बसले. ती थोडी खट्टू झाली. म्हणाली, सर मला हिल्डे म्हनायचे. मी म्हटलं, अगं मोतीबिंदू आहे, तोंड दिसत नाही त्यांना नीट.

कागद म्हणजे त्या वर्गातल्या तिच्या वहीचं शेवटचं पान. समारोपाला एक सिनेनटी पाहुणी म्हणून आली होती, तिने हिल्डाच्या पानावर सही दिली. चांगली मोठी नटी, गेल्याच वर्षी वारली, पेपरात पहिल्या पानावर फोटो होता. आणि या शहाणीने ते पान स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलं, वाळवी लागू नये म्हणून. बंदरावरच्या दमट हवेतला कागद गरम प्लास्टिकात बंद केल्यावर काय होणार? आत बुरशी, फुगे, पिवळे डाग. लोकांनी त्या वर्षांत दिसेल ते लॅमिनेट केलं, मार्कशीट काय, लग्नपत्रिका काय. मी तिला चांगली झापली. ती हसत राहिली.

नवीन घर बांधलंय, नाताळाला फ्रेम करून आल्ताराच्या बाजूला लावायचंय म्हणाली. नटीला देवाच्या शेजारी बसवणार! काय एकेकाची भक्ती. आता होड्या सुरू झाल्या, तिला सवड नाही, नाताळाच्या आधी न्यायला येईल.

२६ ऑगस्ट

पान नीट पाहिलं. दुरेघी वहीचं. त्यावर तीन हात आहेत. पेन्सिलीत ‘हिल्डा’ दहा वेळा, खाली खाली सुधारत गेलेलं. मध्ये नटीची सही, निळ्या शाईपेनाची, ऐसपैस, सगळं पान आपल्याच बापाचं असल्यासारखी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात लाल बॉलपेनने बरोबरची खूण, ‘छान’, आणि यांची सही. चंद्रहास कर्णिक. ‘च’चा पोटाला बाक, ‘स’ची शेपटी लांब ओढून शेवटी वर उचललेली. लग्न ठरलं तेव्हा बाबांना आलेल्या पत्रात ती शेपटी पहिल्यांदा पाहिली होती आणि मैत्रिणींना दाखवली होती. आता हे लिहायलाही लाज वाटते, साठी झाली की.

प्लास्टिक काढायला थिनर लागेल. सातिवलीला रंगाच्या कारखान्यात जाऊन बाटली आणायची.

२ सप्टेंबर

थेंबाथेंबाने चाचणी केली. जिथे लॅमिनेशन आधीच सुटलंय तिथून कापसाची काडी घालून. पेन्सिल ढिम्म हलत नाही. निळी शाई थिनरला दाद देत नाही, ती पाण्याला भिते. लाल बॉलपेन मात्र लगेच काडीवर उतरलं.

म्हणजे थिनर वापरला तर नटी वाचते आणि यांची सही जाते. थिनर नको म्हणून नुसतं ओढून काढावं तर कागदाचा वरचा पापुद्राच प्लास्टिकबरोबर येईल, मग नटीही नाही आणि कुणीच नाही. तिसरा मार्ग म्हणजे कोपरा तसाच प्लास्टिकात सोडून बाकीचं सोडवायचं. पण बुरशी तिथूनच चढलीय, दोन पावसाळ्यांत सगळ्या पानावर जाईल.

यांना पान दाखवलं. म्हटलं, बघा, तुमच्या सहीवर गदा आलीय. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “कुणाची आहे?” म्हणाले. मी म्हटलं, पुरे झाला चावटपणा. ते हसले आणि म्हणाले, “असेल कुणातरी मास्तराची. जाऊ दे.”

तर जाऊ दे. गिऱ्हाइकाने आणलीय ती नटीची सही, पाटीवर लिहिलंय नामवंतांच्या. आणि यांची सही काय, हे घरातच आहेत. मागू तेव्हा मिळेल.

७ सप्टेंबर, शनिवार

झालं. तीन तास लागले. खिडक्या उघड्या, नाकाला रुमाल, तरी डोकं धरलं. प्लास्टिक दोन्ही बाजूंनी सुटलं, मागून पातळ जपानी कागदाचा आधार दिला, निळ्या शाईला ओल लागू नये इतक्या घट्ट खळीने, खळीत चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून. नटी अशी स्वच्छ आली की आज सकाळी सही केल्यासारखी. लाल कोपरा आधी गुलाबी झाला, मग टिपकागदावर उतरला. एक फिकट डाग राहिला होता, तो बरा दिसेना म्हणून तोही काढला.

ऑफिसात असते तर साहेबांनी चार जणांना बोलावून दाखवलं असतं. इथे दाखवायला हेच. त्यांना दाखवलं तर म्हणाले, “सह्यांचा दवाखाना काढलास म्हण की.”

१५ सप्टेंबर

गणपतीला पुण्याहून संपदा आली होती, आज गेली. लेक आली की घर भरतं, पण या वेळी जाताना भांडण झालं. आरती म्हणताना हे दुसऱ्याच कडव्यात अडकले, तेच तेच म्हणत राहिले आणि मग गप्प बसले. एवढंच. तर ही म्हणते, आई, बाबांना डॉक्टरकडे ने, डोळ्यांच्या नव्हे. मी म्हटलं, चार दिवस येऊन आम्हाला शिकवू नकोस. माणूस दमतो, विसरतो. मी नाही का परवा गॅसवर दूध ठेवून विसरले.

ती बॅग उचलून रिक्षात बसली. मला आता वाईट वाटतंय.

१० ऑक्टोबर

सकाळी दूध आणायला गेले ते दुपारी एकला आले. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. वसईला शाळेच्या फाटकाशी उभे होते म्हणे, शिपाई आत सोडीना म्हणून त्याच्याशी हुज्जत घालत. तास घ्यायचा होता. रिक्षावाला गेल्यावर माझं तोंड सुटलं. शाळेची आठवण आली तर जावं, फोन तरी करावा, माझा जीव टांगणीला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दूध आणायचं होतं ना?”

खिशात शाळेच्या कपाटाची जुनी किल्ली होती. सहा वर्षं कुठे ठेवली होती कोण जाणे.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही करावी लागते, माणूस जिवंत आहे याची. हयातीचा दाखला. दर वर्षी हे एकटे जातात, या वेळी मी बरोबर गेले. स्वप्ना नावाची मुलगी होती काउंटरला, गोड बोलणारी. तिने फॉर्म पुढे केला. यांनी पेन धरलं, ‘च’ काढला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर न येणारी मुलं बघतात तसं. मी हळूच म्हटलं, चंद्रहास कर्णिक. त्यांनी मान हलवली आणि ‘च’ पुन्हा काढला. मग पुन्हा. चार ‘च’ झाले, पाचव्याला नुसती रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली.

दुसरा फॉर्म दिला. तेच. मागे रांग थांबली होती. स्वप्ना उठून बाहेर आली, यांच्या शेजारी बसली आणि शाईचा पॅड उघडून म्हणाली, “काका, अंगठा चालेल हं. काही काळजी करू नका.”

यांनी मूठ मिटली. इतकी घट्ट की नखं तळव्यात रुतली असतील. म्हणाले, “अंगठा नाही.” एकदाच म्हणाले. ती मुलगी बिचारी घाबरली. मी त्यांची मूठ उघडली. एकेक बोट करून मी उघडली, मी अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. पाचूबंदरचा तो पॅड पाण्यात गेल्याचं मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन ते मोरीत साबणाने अंगठा घासत बसले. मी दाराबाहेर उभी राहून रडले. ते बाहेर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, “काय झालं, बाई?”

२० नोव्हेंबर

संपदाला फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर होतं. तिने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही, शहाणी आहे. परवा येतेय, मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

आज कपाट उपसलं. संपदाची प्रगतिपुस्तकं, वीजमीटरचा अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, भिशीची वही, मनिऑर्डरच्या पावत्या, यांची सही आहे तो प्रत्येक कागद काढला. ऑफिसात करायचो तसं तारखेप्रमाणे जमिनीवर मांडलं. एकोणऐंशी सालापासून गेल्या जुलैपर्यंत, हॉलच्या भिंतीपासून स्वयंपाकघरापर्यंत.

अठ्ठ्याण्णवपर्यंत सही सारखी आहे. मग ‘स’ची शेपटी आखडते. दोन हजार साली ती वर उचलायचीच राहून जाते. मग अक्षरं बारकी होत जातात आणि एकमेकांपासून लांब जातात. पोस्टाच्या फॉर्मवर तर ती सही नाहीच, लिहिलेलं नाव आहे, तेही चुकत.

चार वर्षं. माझ्या डोळ्यांसमोर. परक्या माणसाच्या सहीत शाई कुठे थांबली ते मी भिंग न लावता सांगते. ऑफिसात माझ्या नजरेची ख्याती होती. आणि घरातली ही सही मी एकदाही बघितली नाही, कारण ती घरातली होती.

सगळ्यात सुंदर सही त्या पानाच्या कोपऱ्यात होती. मन लावून केलेली, ‘छान’ म्हणून. ती मी माझ्या हाताने काढली. राहिलेला डागसुद्धा काढला.

४ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, आजार पुढेच जाणार, मागे येणार नाही. औषध आहे, पण ते वेग कमी करायला. मी मूर्खासारखं विचारलं, जे गेलंय ते परत नाही का आणता येत? मीच ऑफिसात नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगायची, की आहे ते टिकवणं एवढंच आपलं काम, गेलेलं भरायचं नाही.

पाटी काढून आणली. 

१७ डिसेंबर, मंगळवार

हिल्डा आली. मी पान टिपकागदातून काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने नटीकडे बघितलंही नाही. बोट सरळ खालच्या कोपऱ्यावर गेलं.

“बाई, सराची सही कुटं गेली?”

मी सगळं खरं सांगितलं. थिनर, निळी शाई, लाल बॉलपेन. नटीची ठेवायची म्हणून यांची जाऊ दिली, असंही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “त्या नटीचं काय, ती आली, केक खाल्ला नि गेली. मला तिचं नावबी वाचता येत नव्हतं. माज्या पानावर सरानी ‘छान’ लिवलं होतं. माज्या बापानं, नवऱ्यानं, कोनी मला कदी छान नाय म्हटलं.”

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. डोळे पुसून तिने पान परत माझ्याच हातात दिलं. मी तेव्हा तिला यांच्याबद्दल सांगितलं, बँकेतलंही सांगितलं. पॅडचं ऐकून ती उठली. यांच्याजवळ गेली, पाया पडली आणि निघून गेली. बोंबलांची पिशवी दारातच राहिली.

२२ डिसेंबर, रविवार

आज हिल्डा परत आली. खालच्याच दुकानातून दुरेघी वही आणि लाल बॉलपेन घेऊन. मला म्हणाली, तुमी बसा नुसत्या.

ती यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “सर, कित्ता घाला.” हे तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बँकेसारखंच होणार, आणि मी उठायला लागले. तिने हातानेच मला थांबवलं.

यांनी पेन उचललं. “नाव?” म्हणाले.

“हिल्डा.”

आणि यांनी वरच्या ओळीत लिहिलं. हिल्डा.  ‘ल्डा’ असा गोल, जोडलेला, ऐटीत. स्वतःचं नाव या हातातून गेलंय आणि हिचं आहे तिथेच आहे. मग वही तिच्याकडे सरकवून म्हणाले, “जोडाक्षराला घाबरायचं नाही. खाली दहा वेळा काढा.” पन्नाशीच्या हिल्डाने जमिनीवर पालथी मांडी घालून दहा वेळा काढलं. यांनी तपासलं, कोपऱ्यात बरोबरची खूण केली, ‘छान’ लिहिलं. त्याखाली पेन जरा वेळ टेकवून धरलं आणि उचललं. सही नाही आली.

हिल्डा म्हणाली, एवडं पुरे. तिने ते पान फाडून घेतलं, हेच फ्रेम करते म्हणाली, पण आता प्लास्टिकात नाय घालत. आणि नटीचं पान तुमी ठेवा, दवाखान्यात लावा. तेव्हा आम्ही दोघी हसलो.

ती जायला निघाली तर यांनी वहीचं पुढचं पान उलटलं आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात मागे बसलेल्या नवीन बाईकडे बघतात तसं, आपुलकीने.

“तुमचं नाव काय, बाई?”

मी सांगितलं. वसुंधरा.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “जोडाक्षर नाही.” आणि लिहिलं. छत्तीस वर्षांत त्यांनी माझं नाव असं सावकाश, पूर्ण लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळीकडे ‘वसू’ नाहीतर ‘सौ. कर्णिक’. वही माझ्यापुढे सरकवली.

हिल्डा दारात थांबली होती. मी खुर्चीवरून उठले, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि खाली दहा वेळा काढलं.